मानमोडीच्या साली थोरली आय

आमच्या आजीला जन्मसाल विचारलं की ती म्हणायची, "मानमोडीच्या साली मी बारा-तेरा वर्सांची. लगीन होऊन दुसरा पावसाळा." घरातली सगळी वयं ती अशीच सांगे. धाकटा काका रामदास बोट बुडाली त्या साली झाला, म्हणजे १९४७. माझा भाऊ कोयनेच्या भूकंपाचा, म्हणजे १९६७. तुमच्याही घरी असं सांगणारं कुणीतरी असेलच. शाळेत गेलेली नसायची ही माणसं, पण एकेक साल त्यांच्या बोटावर असायचं.

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. अंग मोडून यायचं, मान वर उचलवत नसे, म्हणून मानमोडी. त्या साली जूनमध्ये ती मुंबईत उतरली, तेव्हा तिचा जोर बेताचा होता. सप्टेंबरात दुसऱ्यांदा उसळली ती मात्र काळ होऊन. ६ ऑक्टोबरला एका मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. देशभरात सव्वा कोटीच्या वर गेली असावीत असा अंदाज आहे. १९२१च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, आणि तसं पुन्हा कधी झालं नाही.

हे आकडे मी मोठेपणी वाचले. आजीच्या तोंडी ते वेगळ्या रूपात होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मानमोडी आमच्या नेवऱ्यात आली ती गणपतीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्या सुरू झाल्या की गिरणीतली माणसं भरून येत. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचीच माणसं जास्त. (जिल्हाही तेव्हा मोठा होता, आजचा सिंधुदुर्ग त्यातच धरलेला.) पेटी डोक्यावर घेऊन पाखाडी चढून आलेला माणूस आरतीला उभा राहिला आणि विसर्जनाला उठला नाही, असं ती एका शेजाऱ्याबद्दल सांगे. कधी सांगताना तो शेजारी असे, कधी तिचा चुलतसासरा. मी पुष्कळदा विचारलं, पण दोन्ही वेळा ती तितक्याच ठामपणे बोले.

"एकाला पोचवून येस्तोवर दुसरा तयार," हे तिचं नेहमीचं वाक्य. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, दाणा महाग झाला होता. दिवाळी आली तेव्हा वाडीत पोहे कांडायला बायका नव्हत्या. काही गेल्या होत्या, काही अंथरुणात. म्हातारी आणि पोरं राहिली, धडधाकट माणसं गेली, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं तर तेही हेच सांगतात, की या तापाने विशी ते चाळिशीतली माणसं सर्वांत जास्त नेली, आणि आपल्या देशात बायका पुरुषांहून अधिक.

आजीची सासू, म्हणजे माझी पणजी, वाडीची सुईण. तिला सगळे थोरली आय म्हणत. मानमोडीत गरोदर बायांची फार वाईट गत झाली. थोरली आय अशा घरांत जायची जिथे बाकीचे ओटीवरही चढत नसत. सकाळी ती उकड्या तांदळाच्या कण्यांची पेज मोठ्या तपेल्यात चढवी. कणी फुटून पाणी दाटसर होईपर्यंत जाळ मंद ठेवायचा, वरून मीठ आणि सुंठेचा ठेचलेला तुकडा, आणि खारातल्या कैरीची एक फोड बोटांनी कुस्करून. तपेलं कमरेवर, करवंटीचा डाव हातात, आणि मागे कंदील घेतलेली बारा वर्षांची सून. दारात उभं राहून हाक मारायची, आतून भांडं पुढे आलं की पेज ओतायची. एका दारात भांडं पुढे आलं नाही. आजी त्या घराचं नाव कधी घेत नसे. "मग आय आत गेली" एवढंच म्हणे, आणि पुढचं वाक्य गिळून टाकी. ती पेज आजीने आम्हाला प्रत्येक तापात पाजली. मीही माझ्या मुलांना तीच पाजली.

साथ ओसरली. थोरली आय वाचली, घरातली बहुतेक वाचली. आणि मग, पौष-माघाच्या सुमारास असेल, ती रात्री उठायला लागली. "हाक आली गो. कळा लागल्यात तिला," म्हणत कंदील लावायची आणि गडगा ओलांडून चालायला लागायची. जिथून हाक आली म्हणे, त्या घरातली बाळंतीण केव्हाच गेलेली. दिवसा ती कामाला वाघ, पण कुणी बोलावलं तर बाळंतपणाला जाईना. हात मांडीखाली दाबून बसायची, असं आजी सांगे.

लोकांनी आपल्या परीने उपाय केले. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय. भगत झाला, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं झालं, "व्हय म्हाराजा" झालं. गाऱ्हाण्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. सगळं गाव उभं राहून एका बाईसाठी देवाकडे बोलतं, ते त्या बाईला ऐकू येतंच. पण हाका थांबल्या नाहीत. मग कुणीतरी ते वाक्य उच्चारलं जे आमच्या भागात दीडशे वर्षं होत आली तरी अजून उच्चारलं जातं, की हिला रत्नागिरीला घाला.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा कैदी म्हणून रत्नागिरीत आणला गेला आणि मरेपर्यंत, १९१६ पर्यंत, इथेच राहिला. थिबा पॅलेस बघायला बाहेरगावची माणसं येतात. या दुसऱ्या वास्तूचं नाव मात्र आम्ही लहानपणी फक्त धमकीत ऐकलं. पोर हट्टाला पेटलं की "रत्नागिरीला टाकीन". पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणं, तशी आमच्याकडे रत्नागिरी. १९१८ साली अशा जागांना वेड्यांचं इस्पितळच म्हणत, आणि तिथे औषधापेक्षा बंदोबस्त जास्त असे. पणजोबांनी थोरल्या आयेला पाठवायला साफ नकार दिला. आजी म्हणे, मायेपोटी. माझ्या चुलतआजीचं म्हणणं, लोक काय म्हणतील या भीतीपोटी. दोन्ही खरं असेल. माणसाच्या मनात एका वेळी दोन्ही असतं.

मग काय केलं, तर घरच्यांनी ते काम सुनेवर टाकलं. आजी सासूच्या शेजारी झोपायची, तिच्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधून. (चुलतआजी म्हणे, पदर नव्हे, सुंभ, आणि मनगटाला नव्हे, पायाला.) पदराला ओढ बसली की पोर उठायची. अडवायची नाही. कंदील तीच घ्यायची आणि दोघी निघायच्या. पोफळीच्या बागेतून, पाटावरून, जिथून हाक आली तिथपर्यंत. बंद दारासमोर उभ्या राहायच्या. "आये, बघ, कोण नाय," म्हणायची. थोरली आय थोडा वेळ ऐकायची, मग म्हणायची, "व्हय. चल." बारा वर्षांच्या मुलीला मध्यरात्री पाखाडीवर भीती वाटत नसेल का? मी विचारलं होतं. आजी म्हणाली, "वाटायची. पण तिला माझ्याहून जास्त वाटायची ना."

दुपारी वाडीतल्या बायका पत्रावळी लावायला आमच्या पडवीत बसत. तिथे थोरली आय हळूहळू बोलायला लागली. चोय खोवता खोवता एकेका घराचं सांगायची, कोण कशी गेली, शेवटी काय मागितलं, मूल जगलं की नाही. बायका ऐकत, मध्येच एखादी डोळे पुसे, हात चालू ठेवी. सुपारी कातरायचा आवाज, पानांचा वास, आणि तीच तीच हकिगत पुन्हा पुन्हा. कुणी म्हणत नसे की पुरे कर. हे किती काळ चाललं ते आजीलाही सांगता येत नसे. तीन पावसाळे, कधी चार. नंतर एका रात्री खरीच हाक आली, शेजारच्या वाडीतून, आणि थोरली आय गेली, आणि पहाटे हात धुऊन परत आली. माझे वडील १९२८चे. तेही तिच्याच हातांवर जन्मले.

साथींचा इतिहास आपण लिहितो तो गेलेल्यांचा. ते योग्यच आहे. पुण्याजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं आणि असायलाच हवं. आपल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांना पुण्यातल्या प्लेगमुळे आश्रम १९०० साली हिंगण्याला न्यावा लागला, हेही पुस्तकांत आहे. पण ज्या सेवा करून जगल्या, आणि ज्यांना पुढे झोप लागली नाही, त्यांची कुठे नोंद आहे? थोरल्या आयेची तर नाहीच. ती फक्त आमच्या ओटीवर होती, आता या कागदावर आहे. मला हे फार लागतं. म्हणून माझ्या भाचीबद्दल तिला विचारून लिहिते आहे.

भाची माझ्या त्या कोयनेच्या भूकंपातल्या भावाची मुलगी. परिचारिका. रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण मार्च २०२०च्या मध्यावर सापडला, दुबईहून गुहागर तालुक्यात परतलेला. तेव्हा तिची नोकरी तशी नवीनच. घशाचे नमुने तेव्हा मिरजेला जात. रत्नागिरीत तपासणीची सोय झाली जूनमध्ये. तोवर अहवालाची वाट पाहत पडलेला माणूस आणि त्याच्या उशाशी उभी असलेली नर्स, दोघंही सारख्याच धास्तीत. २२ मार्चला संध्याकाळी लोकांनी थाळ्या वाजवल्या, तेव्हा ती ड्युटीवर होती. आणि काही आठवड्यांतच, ती जिथे भाड्याने राहायची तिथे तिला सांगण्यात आलं की नळावर सगळ्यांच्या नंतर यायचं. देशात इतरत्र तर डॉक्टर-नर्सवर हात उगारले गेले, इतके की त्यांच्या संरक्षणासाठी एप्रिलमध्ये सरकारला १८९७चा, प्लेगच्या वेळचा, साथरोग कायदा दुरुस्त करावा लागला.

गावाकडे वेगळंच चाललं होतं. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना मराठी शाळेत ठेवत. ज्यांच्या पेट्या उतरवायला एके काळी सगळी वाडी धक्क्यावर जायची, त्यांच्या वाटेवर झाडाच्या फांद्या टाकून वेशी बंद झाल्या. गावाची भीती मला कळते. मानमोडी बोटीतून आली होती, हे कुणी विसरलेलं नव्हतं. पण शाळेच्या खिडकीतून स्वतःच्या घराचं छप्पर बघत बसलेल्या माणसाच्या मनाचं काय झालं असेल? त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. त्या वर्षी कोकणातलं माणूस आतून किती वेळा मोडलं, याची मोजदाद व्हायला हवी होती.

भाचीच्या वॉर्डात असाच एक म्हातारा होता, गिरणीतून निवृत्त झालेला. त्याला मरणाची भीती नव्हती. तो प्रत्येक पाळीला एकच विचारी, "बाय, माझी राख तरी गावाला जाईल ना?" रात्री तो घाबरा होई, नळी ओढी, पांढऱ्या कपड्यातल्या माणसांना भुतं समजे. नातेवाइकांना वाटलं, डोकं फिरलं. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला, ताप चढला, वरून जबर औषधं आणि भोवती एकही ओळखीचा चेहरा नाही, की म्हाताऱ्या माणसाला असा भ्रम होतो. तो आजाराचाच भाग असतो. भाचीने दोन गोष्टी केल्या. पीपीई किटच्या छातीवर मार्करने ठळक अक्षरांत स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं. आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या कानाशी धरला. पलीकडून त्याच्या भावाने गावच्या देवळात उभं राहून गाऱ्हाणं घातलं. वॉर्डात, त्या यंत्रांच्या पीं-पीं मध्ये, म्हातारा हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होता. किटमध्ये सहा-सहा तास पाणी नाही, चष्म्यावर वाफ धरलेली, हात दुखतोय, आणि ती फोन धरून उभी. तो म्हातारा घरी गेला. पायांनी चालत गेला.

सगळे असे घरी गेले नाहीत. दुसरी लाट आली ती २०२१च्या एप्रिल-मे महिन्यात. जूनमध्ये राज्यात ती ओसरायला लागली तरी आपला जिल्हा निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकलेला होता. मग २२ जुलैचा चिपळूणचा पूर. कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि आजाराशी झुंजत असलेले काही रुग्ण दगावले. भाची तिथे नव्हती. पण ती बातमी ऐकल्यापासून पाऊस वाढला की ती उठून बसायला लागली.

ती घरी आली तेव्हा मी माहेरी होते. बोलायची नीट, हसायचीही. पण दिवसातून तीन-तीनदा डोक्यावरून पाणी घ्यायची. कुकरची शिट्टी झाली की हातातलं सांडायचं. रात्री दोन वाजता ओटीवर येऊन मोबाइलचा उजेड अंगणात टाकून बसायची. विचारलं तर म्हणाली, "आत्या, अलार्म वाजल्यासारखा वाटतो. बेडपाशी जायला हवं असं वाटतं." मला क्षणभर काही सुचेना. मग मी तिला थोरल्या आयेची गोष्ट सांगितली. तिने ती आधी कधी ऐकली नव्हती. आमच्या पिढीने पेज तेवढी पुढे दिली, गोष्ट दिली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी नर्ससारखा प्रश्न विचारला. "पणजीला बरं वाटायला चार वर्षं लागली?" मी हो म्हणाले. "मग माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

तिचं बरोबर होतं. पदर मनगटाला बांधणारी सून आता घरोघर नसते, आणि पत्रावळीच्या दुपारी तर केव्हाच संपल्या. आणि खरं सांगायचं तर त्या दुपारींनी जे तीन-चार वर्षांत केलं, त्यातला बराच भाग आज औषधाने आणि जाणत्या माणसाशी बोलण्याने काही महिन्यांत होऊ शकतो. भावाचं म्हणणं होतं, आधी देवाला गाऱ्हाणं घालू. घातलं. आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेले. ज्या नावाने मला लहानपणी दरदरून घाम फुटायचा त्या फाटकातून आम्ही आत गेलो. बाकावर एक शाळामास्तर, एक मच्छीमार जोडपं, एक कॉलेजातला मुलगा. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. भाची हळूच म्हणाली, "बरंय, कुणी ओळखत नाही." मला त्या वाक्याचं वाईट वाटलं. हात मोडल्यावर कुणी तोंड लपवत नाही.

डॉक्टरांनी तिला शांतपणे ऐकून घेतलं, झोपेचं विचारलं, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. तिने सांगितलेली एक गोष्ट मला तिथे पहिल्यांदा कळली. तिला छळत होतं ते मरण नव्हतं. एका बाईने पाणी मागितलं होतं आणि ही दुसऱ्या बेडकडे धावली होती. परत आली तेव्हा उशीर झाला होता. एका पाळीला दोन हात आणि इतके बेड, तिथे आणखी काय होणार? पण हे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकीकडे अशीच एक बाई होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेली-मानस सुरू झालं. १४४१६ हा नंबर फिरवला की मराठीत बोलता येतं. चांगली गोष्ट आहे. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लाट ओसरल्यावर राज्यात कितीतरी कंत्राटी नर्स आणि मदतनीसांना घरी पाठवलं गेलं. ताप मोजत दारोदार फिरलेल्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच कामाचा जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. ज्या बाईचा महिन्याचा हिशेब लागत नाही, तिला मन मोकळं करा असं सांगणं पुरेसं नाही. पगार वेळेवर, पाळीला पुरेशी माणसं, साथीनंतर भरपगारी रजा, आणि त्या रजेत डॉक्टरकडे जाता येईल अशी सोय. पुढची साथ यायच्या आधी एवढं तरी झालं पाहिजे. ती येणार हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं.

भाचीच्या गोळ्या पुढे कमी होत होत थांबल्या. आता ती पुन्हा वॉर्डात आहे. महिन्यातून एकदा, पगाराच्या आसपासच्या रविवारी, तिच्याबरोबरच्या चौघी-पाचजणी भावाच्या घरी येतात. स्वयंपाक त्याच करतात. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, हंगाम असला तर फणसाची भाजी. वहिनीला त्या चुलीपाशी येऊ देत नाहीत. बोलतात, भांडतात, कधी एखादी रडते आणि बाकीच्या भाकरी थापत राहतात. गेल्या खेपेला एक नवीन मुलगी आली होती, राजापूरकडची, कोविडच्या वेळी शिकत असलेली. ती मला म्हणाली, "आत्या, तुमच्या पणजीची गोष्ट हिने सांगितली. तो पदर होता की सुंभ?" मी म्हटलं, आजी पदर म्हणायची. भाची म्हणाली, "सुंभच असणार. पदर फाटला असता." त्यावर त्यांचा बराच वेळ वाद चालला.